जपलेली क्रूझर विकताना काय अनुभव आले?

अकरा वर्षं वापरलेली क्रूझर मोटरसायकल नुकतीच विकली. गाडी उत्तम ठेवली होती, पण ते समोरच्याला पटवायचं कसं, हे विकतानाच शिकलो. माझ्यापासून सुरुवात करतो, तुम्हीही लिहा.

पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी मी इंजिन गरम करून ठेवलं, पहिल्या सेल्फला सुरू व्हावी म्हणून. त्या गृहस्थांनी आल्या आल्या इंजिनाजवळ हात नेला आणि विचारलं, "आधीच का सुरू केलीत?" गाडीत काहीच खोट नव्हती, पण मी चाचरलो. शंका आली ती आलीच. ते पुन्हा फिरकले नाहीत. पुढच्यांना गार इंजिन दाखवलं. चोक, एक सेल्फ, आणि दोन मिनिटांत आयडलिंग स्थिर. त्यानंतर मला फारसं बोलावंच लागलं नाही.

—

माझ्या गाडीचा सायलेन्सर, हँडल, सीट सगळं बदललेलं. मला ते फार आवडायचं, बघायला येणाऱ्यांना नको असायचं. मूळ भाग जपून ठेवले होते म्हणून मी वाचले. ते परत बसवले, बदललेले वेगळे विकले, आणि गाडी आठवड्यात गेली.

—

टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी बिनधास्त "टायर नवीन आहेत" म्हणाले. त्या मुलाने खाली वाकून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले: २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा! कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात; रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात. माझ्या टायरलाही होत्या, मी कधी पाहिल्याच नव्हत्या. आता हा आकडा मी स्वतःहून आधी सांगते.

—

कागद नावावर झाल्याशिवाय गाडी सोडू नका. मी भिडेखातर सोडली. पुढे कितीतरी दिवस दंडाच्या पावत्या माझ्या नावाने येत राहिल्या.

—

बाबांची गाडी होती. ते गेल्यावर दोन वर्षं नुसती पुसत राहिलो, मग विकायला काढली. सीटखाली त्यांची छोटी वही असायची: ऑइल कधी बदललं, चेन कधी ताणली, तेव्हा मीटर किती होतं. एक मध्यमवयीन बाई बघायला आल्या. क्रोम, टाकी यांच्याकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि वही घेऊन पायरीवर बसल्या. पानन् पान वाचलं. व्यवहार झाल्यावर म्हणाल्या, "ही पण द्याल?" दिली. किल्ली लावायच्या आधी त्यांनी मीटर पाहिलं आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर लिहिले.