वाचनालयातल्या जुन्या मशीनचा कर्नल: डिस्कचे ड्रायव्हर आत बसवायचे की मॉड्यूल ठेवायचे?

चाकरमानी
रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठी आमचं गाव. मुंबईतल्या एका ऑफिसाने काढून टाकलेली डेस्कटॉप आमच्या वाचनालयात आली आहेत, सगळ्यांवर डेबियन लिनक्स. पावसात विजेचा नेम नाही. एकदा कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट चालू असताना वीज गेली. नवा कर्नल बूट पार्टिशनमध्ये उतरला होता, इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर भरलेली छोटी फाइल) बनायची राहिली. पुढे कुणीतरी ग्रब (मशीन चालू होताना कर्नल निवडणारा मेन्यू) अपडेट केलं आणि ग्रबने तो अर्धवट कर्नल सगळ्यात वर लावला. मशीन चालू केलं की पडद्यावर एकच रड: रूट फाइलसिस्टिम (जिच्यात सगळी सिस्टिम असते ती) माउंट होत नाही, अननोन ब्लॉक शून्य स्वल्पविराम शून्य.

डेबियनच्या तयार कर्नलमध्ये एएचसीआय (सॅटा कंट्रोलरचा ड्रायव्हर), स्कझी डिस्क (डिस्कचा ड्रायव्हर) आणि एक्स्ट४ (फाइलसिस्टिम) ही तिन्ही मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाइली, आहेत. म्हणजे डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलेला. ही गाठ सोडवायला इनिट्रॅमएफएस लागते, आणि ती नसली की कर्नल आंधळा. माझं मत असं की ही गाठ बांधायचीच कशाला? रूट फाइलसिस्टिमपर्यंत पोचायला जे लागतं त्याला मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधताना पर्याय निवडायचा मेन्यू) एम, म्हणजे मॉड्यूल, नको; सरळ स्टार द्या, म्हणजे ते कर्नलच्या आतच बसेल. उरलेला पसारा छाटा आणि इनिट्रॅमएफएसला रजा द्या. एक फाइल, एक कर्नल. विरोधी मतं ऐकायला तयार आहे, पण 'डेबियनवाल्यांना कळत नाही का' हे कारण चालणार नाही.

कुडाळ_रिपेअर
डेबियनवाल्यांना कळतं, म्हणूनच त्यांनी एम ठेवलंय. पण ते राहू दे.

तुझं ते मशीन माझ्या टेबलावर आलं असतं तर ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल उचलला असता आणि डीपीकेजीला (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) राहिलेलं कॉन्फिगर करायला सांगितलं असतं. चहा थंड व्हायच्या आत काम. त्यासाठी कर्नल बांधायला बसायचं?

आता स्टारचं बोलू. तू आज मशीन उघडून बघणार, बायोसमध्ये एएचसीआय दिसणार, तेवढ्यालाच स्टार देणार. या जुन्या इंटेल बोर्डांवर सॅटा कंट्रोलर दोन रूपांत चालतो, एएचसीआय आणि आयडीई. मूळ सेटिंग बऱ्याच बोर्डांवर आयडीई असतं. बोर्डावरचा गोल सेल संपला आणि त्यात वीज गेली की बायोस मूळ सेटिंगवर जातं. मग तीच डिस्क, तीच केबल, पण समोर एएचसीआय नाही. तिथे एटीए पिक्स हा ड्रायव्हर लागतो. तुझा छाटलेला कर्नल परत शून्य स्वल्पविराम शून्यवर. तयार कर्नलला काही फरक पडत नाही, त्याच्या पोतडीत दोन्ही आहेत. आणि सेल संपलेली मशीनं माझ्याकडे पावसात किती येतात ते विचारू नकोस.

चाकरमानी
दादा, सेलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यातून मॉड्यूल बरे असं कुठे निघतं? पिक्सलाही स्टार द्या. एवढासा ड्रायव्हर, कर्नल काही सुजत नाही. वाद 'काय निवडायचं' याचा आहे, 'स्टार की एम' याचा नाही.

खाडीपलीकडे
मी दापोलीकडे शाळेत संगणक शिकवतो. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आणि नवखी पोरं नेमकी तिथेच अडखळतात. एएचसीआयला स्टार दिला म्हणजे डिस्क दिसेल, असं नाही. लिबएटीए (सॅटा-आयडीई ड्रायव्हरांचा पाया) निवडलं की कॉन्फिगची व्यवस्था स्कझीचा गाभा आपोआप ओढून घेते. 'स्कझी डिस्क सपोर्ट' मात्र ओढत नाही, त्याला वेगळा स्टार द्यावा लागतो. आपल्याकडे कुठे स्कझी आहे म्हणून पोरं तिथे बेधडक एन (नको) करतात. लिनक्समध्ये सॅटा डिस्क असो की यूएसबीची, तिला एसडीए, एसडीबी हे नाव देणारा ड्रायव्हर तोच. तो नसेल तर कंट्रोलर सापडतो, डिस्कची ओळखही लॉगमध्ये येते, आणि तरी ब्लॉक डिव्हाइस तयार होत नाही.

त्या 'अननोन ब्लॉक'पुढच्या कंसातल्या आकड्यांवरूनही बरंच कळतं. दोन्ही शून्य असतील तर कर्नलला डिस्कच मिळालेली नाही, कंट्रोलर किंवा स्कझी डिस्क बघा. पहिला आकडा ८ असेल तर डिस्कपर्यंत गाडी पोचली आणि फाइलसिस्टिमपाशी अडली, मग एक्स्ट४ बघा. डिस्कची पार्टिशनं जीपीटी या नव्या पद्धतीची असतील तर ईएफआय पार्टिशनचा पर्यायही तपासा. तो मेन्यूत भलतीकडेच असतो.

माझं मत चाकरमानींच्या बाजूने. पोरांना एकदा तरी असा कर्नल बांधायला लावावा. डिस्क, कंट्रोलर, पार्टिशन, फाइलसिस्टिम हे थर पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाहीत.

कुडाळ_रिपेअर
सर, शिकवण्यासाठी हवा तेवढा बांधा. वाचनालय ही काय प्रयोगशाळा आहे? तिथे म्हाताऱ्यांना पेपर वाचायचाय आणि पोरांना परीक्षेचे फॉर्म भरायचेत.

आणि चाकरमानी, 'काय निवडायचं' हाच तर माझा मुद्दा. किती निवडशील? खाऱ्या हवेत डिस्कच्या आधी बोर्ड जातो. कनेक्टर हिरवे पडतात, कपॅसिटर फुगतात. डिस्क मात्र जिवंत असते. मग आम्ही काय करतो? ती काढून हाताशी असेल त्या दुसऱ्या मशीनला लावतो. ते मशीन जुनं एनव्हीडिया चिपसेटवालं असलं तर सॅटा एनव्ही हवा. व्हियाचं असलं तर सॅटा व्हिया. एएमडीचं आयडीई मोडमध्ये असलं तर पाटा एटीआयआयएक्सपी. तुझी स्टारची यादी हळूहळू डेबियनच्या यादीएवढी होईल. फरक इतकाच की त्यांची मॉड्यूल लागतील तेवढीच मेमरीत जातात आणि तुझे सगळे ड्रायव्हर कायमचे बसून राहतात.

इनिट्रॅमएफएस बनवताना मॉड्यूलचं सेटिंग 'मोस्ट' (जवळजवळ सगळी) ठेवलं तर ती डिस्क कुठल्याही मशीनला लावा, उठते. 'डेप' केलंत, म्हणजे याच मशीनपुरतं, तर तुम्हीही चाकरमानींच्याच होडीत.

दर्यावर्दी_पाय
एक वेगळी बाजू. आमच्याकडे जेटीवर रास्पबेरी पाय आहे, हवामानाचा फलक चालवतो. पायची सिस्टिम वर्षानुवर्षं इनिट्रॅमएफएसशिवायच बूट होत आली. एसडी कार्डाचा एमएमसी ड्रायव्हर आणि एक्स्ट४ कर्नलच्या आतच, आणि बूटच्या ओळीत रूट इक्वल टू पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) व पुढे रूटवेट (डिस्क दिसेपर्यंत थांब). म्हणजे चाकरमानी सांगतायत ते काही अघोरी नाही. पण पायचं हार्डवेअर ठरलेलं असतं, वाचनालयात मुंबईहून काय येईल ते आलेल्यावरच कळतं. हा फरक मोठा आहे.

चाकरमानींना एक सूचना: इनिट्रॅमएफएस काढलीत तर ग्रबने लिहिलेलं रूट इक्वल टू यूयूआयडी चालणार नाही. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वाचून डिस्क शोधायचं काम इनिट्रॅमएफएसमधले प्रोग्राम करतात. एकटा कर्नल पार्टयूयूआयडी ओळखतो, जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशनांच्या डिस्कवरही. सरळ एसडीए१ लिहू नका, यूएसबी डिस्क लावून मशीन चालू केलं की अक्षरं इकडची तिकडे होऊ शकतात. आणि एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) किंवा एन्क्रिप्शन असेल तर हा वाद इथेच संपला, इनिट्रॅमएफएस ठेवावीच लागते.

चाकरमानी
एलव्हीएम नाही, एन्क्रिप्शन नाही. पार्टयूयूआयडी आधीच लिहिलाय.

दादांच्या बोर्ड बदलण्याच्या मुद्द्यावर: एनव्हीडिया, व्हिया, एएमडी, सगळे जुने कंट्रोलर धरले तरी मूठभर नावं. मी फक्त डिस्कच्या वाटेवरच्या ड्रायव्हरना स्टार म्हणतोय. वायफाय, साउंड, वेबकॅम खुशाल एम राहू देत. छाटायचंय ते टीव्ही ट्यूनर, इन्फिनिबँड, फायबर चॅनेल, सर्व्हरची रेड कार्डं. फायबर चॅनेलवरून आमच्या वाचनालयात काय येणार, समुद्र?

माडाखाली
मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवा की! २००९ पासून, म्हणजे २.६.३२ पासून कर्नलमध्येच आहे. सध्या लोड असलेली मॉड्यूल बघतं आणि बाकीची बंद करतं. एवढी चर्चा कशाला?

खाडीपलीकडे
चर्चा त्याच्यामुळेच लागते. त्या क्षणी जे लोड नाही ते लोकलमॉडकॉन्फिगच्या लेखी अस्तित्वातच नाही. पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेज गेलं, व्हीफॅट (पेन ड्राइव्हची नेहमीची फाइलसिस्टिम) गेलं, त्याच्याबरोबर कोडपेज ४३७ (फाइलनावांचा अक्षरतक्ता) पण गेलं. हे शेवटचं फार छळतं. पेन ड्राइव्ह दिसतो, पार्टिशन दिसतं, आणि माउंट करताना 'कोडपेज मिळालं नाही' म्हणून नकार. मोठी कार्डं एक्सफॅटची येतात, तो ड्रायव्हर ५.७ मध्ये नीट आला, तोही हवा.

वापरायचंच असेल तर आधी प्रत्येक मशीनवर पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, प्रिंटर सगळं लावा, एलएसमॉडची (लोड असलेल्या मॉड्यूलची) यादी फाइलमध्ये घ्या, सगळ्या मशीनच्या याद्या एकत्र करा आणि ती फाइल लोकलमॉडकॉन्फिगला द्या. तशी सोय आहे.

ओटीवरून
पेन ड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर: सार्वजनिक मशीनवर यूएसबी स्टोरेजला सरळ एन का करत नाही? कुणी काही कॉपी करून नेणार नाही, व्हायरसची कटकट नाही. कर्नल स्वतः बांधण्याचा मला दिसणारा एकमेव फायदा हाच.

कुडाळ_रिपेअर
मग सातबाऱ्याची प्रिंट काढायला आलेल्या माणसाला काय सांगणार, पीडीएफ ईमेल करा? रेंज जिथे माडावर चढल्याशिवाय मिळत नाही तिथे? आणि कॉपी थांबतच नाही. अँड्रॉइड फोन केबलने लावला की तो एमटीपी या वेगळ्याच पद्धतीने बोलतो, त्याला यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर लागतच नाही. पुढचं दार बंद, मागचं उघडं.

चाकरमानी
याबाबत मी दादांच्या बाजूने. यूएसबी स्टोरेज एम राहील.

मालवणी_खाक्या
ह्या सगळा खरा आसा, पण माका एक सांगा. सिक्युरिटीचो पॅच इलो की कर्नल परत कोण बांधतलो? चाकरमानी गणपतीक येतले, कर्नल बांधतले, मोदक खातले आणि कोकणकन्या पकडतले. मगे शिमग्यापर्यंत तोच कर्नल?

चाकरमानी
हे लागलं. पण उत्तर आहे. ६.१२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी मालिका आहे, डेबियन १३ तिच्यावरच आहे. त्याच मालिकेतला नवा पॅच घ्यायचा, जुनी कॉन्फिग ठेवायची, ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना मूळ उत्तरं देणारी कमांड) चालवायचं, बाइंडेब पॅकेज (बसवायला तयार डेब फाइल) बनवायचं. हे मी मुंबईतल्या मशीनवर करतो, वाचनालयात फक्त डेब फाइल बसवायची. त्या जुन्या ड्युअल कोअरवर कंपाइल करायला कोण बसतंय, अर्ध्यात वीज जाईल.

कुडाळ_रिपेअर
आणि ती डेब बसवताना वीज गेली तर? मूळ दुखणं तेच ना? वाचनालयाला एक यूपीएस घ्या असं कुणीच म्हणत नाहीये, कारण यूपीएसला मेन्यूकॉन्फिग नसतो.

माझी तडजोड सांगतो. तुझ्या कर्नलमध्ये डिस्कचे ड्रायव्हर, स्कझी डिस्क आणि एक्स्ट४ला स्टार दे, माझी हरकत नाही. पण इनिट्रॅमएफएस काढू नकोस. दोन्ही एकत्र नांदतात. इनिट्रॅमएफएस बिघडली तर ग्रबमध्ये ई दाबायचं, इनिटआरडीची (इनिट्रॅमएफएस लोड करणारी) ओळ खोडायची, रूटला पार्टयूयूआयडी आहेच, कर्नल एकटा उठेल. आणि डेबियनचा तयार कर्नल ग्रबमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिलाच पाहिजे. तुझ्या यादीत नसलेला कंट्रोलर समोर आला की मला तोच लागणार.

चाकरमानी
तयार कर्नल ठेवतो. इनिट्रॅमएफएसबद्दल अजून पटलेलं नाही. जिची गरज नाही ती फाइल प्रत्येक अपडेटला नव्याने बनवायची, आणि ती बिघडली की ग्रबमध्ये हाताने ओळ खोडायची. ग्रंथपाल बाईंनी ई कधी दाबायचं?

खाडीपलीकडे
बाईंनी का दाबायचं नाही? एका कागदावर चार ओळी लिहून मशीनला चिकटवा. मात्र तुमच्या यादीत व्हीएमडी (इंटेलचा एक डिस्क कंट्रोलर) पण घाला. आत्ता लागणार नाही, पण हल्ली इंटेलच्या ११व्या पिढीचे लॅपटॉपही देणगीत यायला लागलेत. त्यांच्या बायोसमध्ये व्हीएमडी चालू असतं, आणि मग एनव्हीएमईला (नव्या एसएसडी डिस्कचा ड्रायव्हर) स्टार असूनही डिस्क दिसत नाही, कारण ती त्या कंट्रोलरच्या मागे असते. एनव्हीएमई आणि व्हीएमडी दोन्हींना स्टार.

कुडाळ_रिपेअर
बघा, यादी वाढायला लागली.

चाकरमानी
वाढू दे. रविवारी कॉन्फिग इथे टाकतो, कर्नलच्या आतही ठेवतो म्हणजे चालू मशीनवर प्रॉक फोल्डरमधून वाचता येईल. दादा, तुमच्या टेबलावर हल्ली कुठले कुठले कंट्रोलर येतात ते तेवढं लिहा. एलएसपीसीआय या कमांडला के लावून जो ड्रायव्हर दिसतो तेवढं नाव पुरे.

कुडाळ_रिपेअर
लिहितो. यूपीएसचे पैसे पण वर्गणीत धरा.