टोळीतून सुटू पाहणाऱ्या पोराला काम द्यावं का?

गोदाकाठ : बीडमध्ये आमच्या गल्लीतला एकोणीस वर्षांचा पोरगा हाणामारीच्या केसमधून जामिनावर सुटलाय. तलवारीनं केक कापून स्टेटस ठेवणारा हाच. आता काम मागतोय. माझं मत, द्यावं. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या सुमारास येतात. मागं ह्याचं जेवण, वकिलाची फी, जामीनदार, सगळं टोळीच्या 'भाऊ'नं बघितलं. ते उपकार फेडायला दुसरी कमाई नको का?

टपरीवाला : हप्ता दिला नाही म्हणून माझी काच असल्याच पोरांनी फोडली. साक्षीला शेजारी यायला तयार नाही. पुनर्वसन त्यांचं करायलेत, काच मी भरायची! आधी नुकसान भरू द्या, मग बोलू.

कोर्टातला : दादा, काचेचं बरोबर आहे. पण कायदा काय म्हणतो बघा. 1958 च्या परिवीक्षा कायद्यात, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायच्या प्रोबेशनच्या कायद्यात, 21 वर्षांच्या आतल्या दोषी ठरलेल्याला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कारण नोंदवल्याशिवाय तुरुंगवास देता येत नाही. मात्र वय धरतात शिक्षेच्या वेळचं. खटला चार-पाच वर्षं रेंगाळला की ही सवलत हातची गेली. तडीपारीचं तर विचारूच नका. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतात. बीडचं पोरगं जालन्यात जाऊन राहणार कुणाकडं? भाऊच्याच माणसाकडं.

टपरीवाला : मग तडीपार करूच नये? ती दोन वर्षं गल्लीला श्वास घेता येतो, साहेब. तुमच्या घरासमोर रात्री बाराला गाड्यांची रेस लागत नसेल.

गोदाकाठ : सराईताला करा. पहिल्याच केसवाल्याला करून टोळीला आयतं पोरगं कशाला द्यायचं?

शेंद्रा_एमआयडीसी : मी लेबर पुरवतो. कंपनी चारित्र्य पडताळणी मागते, केस दिसली की गेटवरूनच परत. म्हणून अशा दोघांना माझ्याच फॅब्रिकेशनच्या शेडवर ठेवलं. एक वेल्डिंग शिकला, टिकला. दुसरा उचल घेऊन पळाला. आता उचल बंद, पगार आठवड्याला, भाऊचा फोन आला तर मला दाखवायचा. गोड बोलून काही होत नाही.

टपरीवाला : ह्या अटी पटल्या. पण माझ्या टपरीवर नको.

गोदाकाठ : तुमच्याकडं नकोच. काचेचे पैसे त्याच्या पगारातून कापून दिले तर तडजोडीला बसाल का?

टपरीवाला : पैसे आधी येऊ द्या. आणि काच फोडणारा तोच होता का, हे त्यानं तोंडानं सांगावं.