गॅरेजमधल्या सिंकमधून गटाराचा वास येतोय. हवेसाठी व्हेंट पाइप घालू की फरशी फोडू?

बडोद्याला मांजलपुरात आमचं जुनं टेनामेंट आहे. खाली गॅरेज, त्यात स्कूटर आणि उरलेल्या जागेत बाबांचं शाडूचं काम. हात, ब्रश, कोरण्या आजवर मागच्या चोकडीत (धुण्याभांड्याच्या उघड्या मोरीत) धुवायचो. बाबांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी गॅरेजमध्येच 24 बाय 18 चं स्टीलचं सिंक बसवून घेतलं. तेव्हापासून वासाने जीव नकोसा झालाय, आणि बाबा तिथे रोज चार-चार तास बसतात.

सिंकखाली तो पांढरा, चुण्यांचा लवचिक वेस्ट पाइप आहे. त्यालाच वळसा देऊन प्लंबर म्हणाला, हाच ट्रॅप, म्हणजे पाणी साठून वास अडवणारा वळसा. पुढे फरशीखालून 40 मिमीचा पीव्हीसी पाइप 13 फूट जाऊन थेट चेंबरमध्ये सोडलाय. वरच्या संडासचा पाइपही त्याच चेंबरमध्ये येतो.

काल एक करून पाहिलं. सिंकमध्ये हळूच दोन मग पाणी ओतलं, थोड्या वेळात वास थांबला. मग भाचीला वर पाठवून फ्लश करायला लावला आणि मी जाळीला कान लावला. आधी गुडगुड, मग पेल्यातला शेवटचा घोट ओढावा तसा आवाज. अर्ध्या तासात वास परत सुरू.

प्लंबर म्हणतो फरशीखाली आणखी एक ट्रॅप टाकू. शेजारचे काका म्हणतात गच्चीपर्यंत व्हेंट पाइप न्या. दुसरी धास्ती पुराची. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा चेंबरचं पाणी चोकडीच्या नहाणी ट्रॅपमधून उलटं वर आलं होतं. आता ते सिंकमधूनही येईल का? गणपती तोंडावर आलेत, काम एकदाच आणि नीट करायचंय. कृपया सांगा.

प्रतिसाद :
ताई, दुसरा ट्रॅप अजिबात घालू देऊ नका. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते, पाणी तुंबत तुंबत उतरतं, आणि तुमच्याकडे तर शाडू आहे, तो तिथेच बसेल. तुमचं निदान बरोबर आहे. वरून फ्लशचं पाणी जोरात उतरतं तेव्हा पाइपातली हवा ओढली जाते, आणि ती भरून यायला दुसरी वाट नसली की तुमच्या वळशातलं पाणी खेचलं जातं. ते साधारण 50 मिमी पाणीच तर चेंबरचा वायू अडवतं.

व्हेंट घालायचाच तर ट्रॅपच्या लगेच पुढून काढा आणि सरळ वर न्या. सिंकच्या काठाच्या खाली तो आडवा फिरवला की गढूळ पाणी शिरून तोही चोंदतो. वरचं तोंड गच्चीच्या कठड्याच्या वर, खिडक्यांपासून लांब, काउल (जाळीची टोपी) लावून. फक्त हवा आत घेणारा व्हॉल्व्हही मिळतो, पण पावसाळ्यात चेंबर भरून वायू उलटा दाबला गेला तर त्याचा उपयोग नाही.

पण त्याआधी सांगा, स्वयंपाकघराचं पाणी कुठे जातं?

धागाकर्ती :
काका, खिडकीखाली बाहेर जमिनीत गली ट्रॅप आहे (सांडपाण्याचा, पुढे चेंबरला जोडलेला ट्रॅप), त्यात. गॅरेजच्या मागच्या भिंतीपासून जेमतेम 5 फुटांवर.

प्रतिसाद :
मग सुटलं! मूळ चूक तीच आहे. संडासचा पाइप चेंबरला, आणि सिंक, मोरी, बेसिनचं पाणी आधी गली ट्रॅपला, अशीच आपल्याकडची पद्धत आहे. फरशी फोडू नका. भिंतीला भोक पाडून 50 मिमीचा पाइप बाहेरून गली ट्रॅपवर आणा. 40 ला 1 उतार धरला तर 5 फुटांत दीड इंच. पाइपचं तोंड गली ट्रॅपमधल्या पाण्याच्या वर राहू द्या, बुडवू नका. तिथे तोंड उघड्या हवेत राहतं आणि अंतरही थोडं, म्हणून वेगळा व्हेंट लागत नाही. पूर आलाच तर पाणी आधी अंगणात पसरेल, सिंकच्या उंचीपर्यंत चढल्याशिवाय आत येणार नाही.

चुण्यांचा पाइप काढून टाका. साफ करायला बूच असलेला पी ट्रॅप (पक्क्या वळणाचा, P आकाराचा) घ्या. आणि शाडूचे हात आधी बादलीतच धुवा. रात्रभरात गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं सिंकमध्ये ओता. फरशीतल्या जुन्या पाइपचं तोंड मात्र पक्कं बंद करा, नाहीतर वास तिथून येत राहील.

धागाकर्ती :
रविवारी काम झालं. प्लंबर आधी कुरकुरला, पण गली ट्रॅप दाखवल्यावर त्यालाही पटलं. जुन्या तोंडाला बूच मारून वर सिमेंट केलं. भाचीने वर तीन वेळा फ्लश केला, मी खाली कान लावून होते, काहीही आवाज नाही. चार दिवस झाले, वास नाही. काका, मनापासून आभार.

बादलीतला गाळ बाबांनी फडक्यावर पसरून ठेवलाय. उंदरापुरता शाडू निघेल म्हणतात.