शब्दचर्चा: जुना गेम ‘पोर्ट करणे’ याला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एक शब्द अडलाय. भाच्याला हातात धरून गेम खेळायचा लिनक्सवाला छोटा हॅण्डहेल्ड घेतला, साडेतीन इंची स्क्रीन, आणि त्यावर मी हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक २ बसवला. १९९६ चा गेम, पण स्क्रीन बरोब्बर ६४० बाय ४८० ची आणि मूळ गेमही तेवढ्याच मापाचा, त्यामुळे चित्र असं चपखल बसलं की बघत राहावं. आता आईने विचारलं नेमकं केलंस काय, तर ‘पोर्ट केला’ (म्हणजे एका मशीनसाठीचा गेम दुसऱ्या मशीनवर चालेलसा केला) यापुढे गाडी जाईना. भाषांतराच्या अ‍ॅपने ‘बंदर’ दिलं. कुणाला बरा शब्द सुचतोय का?

—

‘एम्युलेटरवर चालवला’ म्हणा की ताई, सगळे तेच म्हणतात.

—

सगळे म्हणतात पण ते चूक आहे दादा. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचं सोंग. डॉसबॉक्स नावाच्या एम्युलेटरमध्ये जुना प्रोग्रामच चालत असतो, त्याला वाटतं आपण अजून डॉस या जुन्या सिस्टिमच्याच पीसीवर आहोत. ताईंनी वापरलंय ते बहुतेक एफहीरोज२, ते ओपन सोर्स इंजिन आहे, म्हणजे गेमचा प्रोग्राम लोकांनी पहिल्यापासून नव्याने लिहिलाय, शत्रूची चालसुद्धा नवी, जुनं फक्त चित्रं, आवाज आणि नकाशे.

मी ‘कलम’ सुचवेन. आमची रत्नागिरीकडची बाग, लहानपणापासून कोय कलम बघत आलोय म्हणून सांगतो. रायवळ आंब्याची कोय रुजवायची, रोप तांबूस पानांचं कोवळं असतानाच वरून कापायचं, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची तेवढ्याच जाडीची काडी खाली पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं गच्च बांधायची. खालचा तो खुंट, जमिनीतून पाणी ओढतो तो. फळ मात्र काडीचं लागतं. इथे खुंट म्हणजे इंजिन, ते तुमच्या हॅण्डहेल्डच्या एआरएम प्रोसेसरसाठीच तयार केलेलं, त्या मातीत रुजलेलं. काडी म्हणजे मूळ गेमचं डेटा फोल्डर, त्यातली ती हीरोज२ डॉट एजीजी नावाची फाइल. खेळताना चव १९९६ चीच येते ती त्या काडीमुळे.

आणि काडी मातृवृक्षावरूनच आणावी लागते. पोर्टमास्टर, म्हणजे हॅण्डहेल्डवर असे पोर्ट बसवून देणारं साधन, तुम्हाला खुंट फुकट देतं, गेमच्या फाइली आपल्या विकत घेतलेल्या प्रतीतून आपणच टाकायच्या. ‘पोर्ट’ म्हटलं की ही गोष्ट दिसतच नाही, लोक नुसतं इंजिन टाकतात आणि गेम का उघडत नाही विचारत बसतात. कलम म्हटलं की काडी कुठाय हा प्रश्न आपोआप येतो.

—

कल्पना आवडली पण अडचण आहे. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्याचं कलम, त्यात हे तिसरं.

—

तिन्ही आधीपासून नांदतायत की, कुणाचा गोंधळ होत नाही. ‘गेमचं कलम केलं’ म्हटल्यावर कायद्याचं कलम कुणाच्या डोक्यात येणार. फक्त ‘कलम केला’ नको, ‘कलम बांधलं’ म्हणा, बागेतही बांधलंच म्हणतात.

—

मग ओपनटीटीडीला काय म्हणाल? तेही ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या जुन्या गेमचं असंच नव्याने लिहिलेलं इंजिन. २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्या गेमच्या मूळ फाइली लागायच्या, पण २०१० च्या १.० आवृत्तीपासून स्वतःची मोफत चित्रं आली, आता जुन्या सीडीची गरजच नाही.

—

मग ते कलम राहिलं नाही, आपल्याच मुळावरचं झाड झालं. त्याला सरळ ‘नवी घडण’ म्हणावं. हीरोज ३ साठीचं व्हीसीएमआय हे इंजिन मात्र अजून कलमच, त्याला मूळ गेमच्या फाइली लागतातच.

—

आईला असंच सांगितलं, खुंट नवा, काडी जुनी. तिला लगेच कळलं, उलट तिनेच विचारलं की मग तुझी काडी कुठून आणलीस. सीडी अजून कपाटात आहे म्हटलं, काढून दाखवली. फोल्डरलाही ‘काडी’ नाव देणार होते पण इंजिन ‘डेटा’ याच नावाचं फोल्डर शोधतं, म्हणून ते तसंच ठेवलंय.