नुसती स्क्रीनही नडते

करमणुकीच्या पार्कमधल्या अंधाऱ्या राइडमध्ये, म्हणजे अंधारात बसून दृश्यं बघत जायच्या खेळात, ‘फ्लॅश बंद ठेवला की झालं, मोबाईलच्या उजेडाने कुणाचं काय बिघडतं’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि पुढच्या सीटवरची झगझगीत स्क्रीन तो सराव काही सेकंदांत घालवते. डोळे पुन्हा सरावेपर्यंत राइड संपलेली असते आणि मागच्या लेकरांनी अर्धंच पाहिलेलं असतं. फ्लॅशचा तर काढणाऱ्यालाही उपयोग नाही. तो जेमतेम काही फुटांवर पोचतो, प्रोजेक्टरचं दृश्य त्यात फिकं पडतं आणि फोटोत येतात पुढच्यांची डोकी.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे अजिंठ्यात पटकन कळेल. तिथे फ्लॅशला बंदी आहे ती चित्रांच्या रंगांना जपण्यासाठी. पण पहिल्या लेण्यात फोन खिशात टाकून थोडा वेळ नुसतं उभं राहा. भिंतीवरच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ हळूहळू दिसायला लागतं. आमच्याकडून पार्कच्या सहली नेणाऱ्या सरांना-मॅडमना कळकळीची विनंती: पोरांचे फोन रांगेतच बॅगेत ठेवायला लावा, आत बसल्यावर कुणी ऐकत नाही.