पोर्ट ब्लेअरला बदली होऊन आलोय, इथल्या लोकांत मिसळायचं कसं?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. मिस्टरांची बँकेची बदली झाली म्हणून मेमध्ये नाशिकहून पोर्ट ब्लेअरला आलो. (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण रिक्षावाल्यापासून शाळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच.) मुलगी पाचवीत, सासूबाई सोबत. जागेबद्दल काही तक्रार नाही, गल्लीच्या टोकाला समुद्र दिसतो, अजून काय पाहिजे. पण माणसं जमेनात हो. बोलतात गोड सगळे, "कितने साल की पोस्टिंग है?" विचारतात, मी तीन सांगितलं की हसून विषय संपतो. जणू स्टेशनवरच्या वेटिंग रूममधे बसलेय मी.
दुसरं म्हणजे शेजारच्या बंगाली काकूंनी परवा डबा भरून माशाचं कालवण पाठवलं. आम्ही शाकाहारी. सासूबाई तेव्हापासून डब्याकडे बघून गप्प आहेत, रिकामा परत करायचा नाही हे त्यांचं बरोबर, पण मासे खात नाही हे सांगायचं कसं? इथे मराठी लोक कुठे भेटतील तेही सांगा.

बंदरावरची:
ताई, नवरा नेव्हीत, त्यामुळे तिथे राहून आलेय. आधी डब्याचं. त्यात शिरा नाहीतर पुरणपोळी घालून सासूबाईंनाच पाठवा आणि सरळ सांगू देत की आमच्याकडे मासे चालत नाहीत, बंगाली काकू आधी "बापरे" म्हणतील, मग हमखास विचारतील की मग तुम्ही जेवता काय, तिथून पुढे तुम्हाला काही करावं लागत नाही, पुढच्या वेळी शुक्तो येईल (कारल्याची मिक्स भाजी, मला खूप आवडायची).
घड्याळाचं पण बघा. बेटं पार पूर्वेला आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे मे महिन्यात पाचच्या आधी उजाडतं आणि डिसेंबरात सव्वापाचला अंधार. नाशिकच्या सवयीने सातला फिरायला बाहेर पडाल तर रस्त्यावर तुम्ही आणि कुत्री. माझ्या सगळ्या ओळखी पहाटेच्या वॉकला आणि भाजीवाल्याकडे झाल्या. जहाज आलं का, टोमॅटो उतरला का, हा तिथला हवामानापेक्षा मोठा विषय आहे, कारण बराचसा कांदा बटाटा मेनलँडवरून येतो आणि समुद्र खवळला की भाव चढतात. जहाजाला शिव्या देताना बायका फार लवकर मैत्रिणी होतात :)
मराठी लोक आहेत. नेव्ही, कोस्ट गार्ड, बँका, सरकारी ऑफिसं. आमच्या वेळी गणपतीला सगळे जमायचे. पण फक्त त्यांच्यातच राहू नका असं मी म्हणेन, कारण ते पण बदलीवाले. दरवर्षी निम्मे निरोप समारंभ.

कॅम्पबेल बेचा नातू:
वहिनी, मी तिथलाच. नाव गाव सगळं मराठी पण जन्म ग्रेट निकोबारचा. १९६९ पासून सरकारने तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, पंजाबी जास्त, पण महाराष्ट्रातलीही होती, त्यात माझे आजोबा. जंगल तोडून जमीन करायची आणि शेती करायची असं ते होतं. आजी साताऱ्याकडची, तिने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि पहिल्या प्रवासात पूर्ण वेळ जहाजात उलट्या करत गेली म्हणे. तिला पहिली मदत कुणी मराठी बाईने नाही केली, शेजारच्या सरदारणीने केली. आमच्या घरात अजून मराठीत पंजाबी मिसळून बोलतात, पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा पोरं हसायची.
सांगायचा मुद्दा हा की अंदमानात जवळजवळ सगळेच कुठून तरी आलेले आहेत. तुमच्या शेजारच्या बंगाली काकूंच्या घरचे फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले निर्वासित असायची बरीच शक्यता आहे, १९४९ पासून त्यांना वसवलं. रांचीवाले जंगलखात्याच्या मजुरीला आले, मायाबंदरजवळ कॅरेन लोक १९२५ ला बर्मातून आले, आणि लोकल बॉर्न म्हणजे काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज. त्यामुळे तुम्ही बाहेरच्या आहात हे कुणाला खटकत नाही. खटकतं ते तुम्ही जाणार आहात हे. माझी आई शिक्षिका, तिच्या कितीतरी मैत्रिणी बदलीवाल्या, सगळ्या गेल्या, सुरुवातीला पत्रं यायची मग तीही बंद. असं झालं की माणूस जरा हात राखूनच बोलतो. त्सुनामीत आमच्या बाजूची सेटलर गावंच्या गावं गेली, शेल्टरमधे राहिलो, तेव्हा बरेच ऑफिसवाले मेनलँडला निघून गेले, त्यांचंही चूक नाही, पण जे थांबले ते आजही लोकांना नावानिशी आठवतात.
म्हणून पोस्टिंग किती वर्षांचं विचारलं तर आकडा सांगून गप्प बसू नका, उलटं विचारा की तुमचे लोक कधी आले, कुठून आले. गोष्ट तासभर चालते, चहा होतो. फक्त जारवांबद्दल (जंगलात राहणारे इथले आदिवासी) "तुम्ही पाहिलेत का, फोटो आहे का" असलं विचारू नका. मेनलँडवाले पहिल्यांदा हेच विचारतात आणि आम्हाला वीट आलाय. फोटो काढणं हा गुन्हा पण आहे.

टपरी नंबर ४:
तीन वर्षांनी परतच यायचंय ना मग कशाला एवढी धडपड. बीच बघा, मजा करा, फिक्स्ड डिपॉझिट वाढवा.

बंदरावरची:
@टपरी तीन वर्षं रोज बीच बघून दाखवा. सँडफ्लाय चावल्या की आठवडाभर खाजवत बसाल.

सोलापुरी चटणी:
थोडं रुक्ष पण कामाचं. सासूबाईंची बीपी शुगरची औषधं किमान महिन्याभराची जास्तीची ठेवा. मोठं काही झालं तर चेन्नई नाहीतर कोलकाता, त्यामुळे तिकडच्या एखाद्या डॉक्टरकडे फाईल आधीच तयार असावी. आणि शेजाऱ्यांपैकी रात्री दोनला गाडी काढेल असं कोण आहे हे पण बघून ठेवा, ओळख वाढवायची गरज तिथे कळते. मुलीला शिंपले गोळा करायची आवड असेल तर किनाऱ्यावरून शिंपले, प्रवाळ उचलून घरी न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. खाडीत पाय घालायच्या आधी मगरीचा बोर्ड वाचायला शिकवा.

गोदाकाठची:
सगळ्यांचे आभार. सासूबाईंनी स्वतःच डब्यात गुळपोळ्या घातल्या आणि स्वतःच नेऊन दिल्या, मला येऊ दिलं नाही. अर्ध्या तासात येतील म्हटलं तर जेवायच्या वेळेला आल्या. सासूबाईंना हिंदी धड येत नाही, काकूंची हिंदी बंगाली वळणाची, काय बोलल्या देव जाणे. एवढं कळलं की काकूंचे सासरे पूर्व बंगालातल्या बारिसालचे होते आणि त्यांना इथे आल्यावर सरकारने बैल दिले होते. @नातू, तुमच्या आजोबांनाही दिले होते का? सासूबाई विचारतायत.
आणि ज्वारी कुठे मिळते ते कुणीच सांगितलं नाही.

कॅम्पबेल बेचा नातू:
बैलांचं आईला विचारून सांगतो. ज्वारीचं विसरा, नाशिकहून कुणी येणार असेल तर बॅगेत पीठ मागवा. आम्ही तांदळाच्या भाकरीवर मोठे झालो.

सोलापुरी चटणी:
तांदळाची?? बरं. मी पुढच्या महिन्यात येतोय कामासाठी, पाच किलो आणतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.