कामाचा शीण घरी कसा उतरवता? सुरुवात काशाच्या वाटीपासून

माजघर: माळा आवरताना काशाची वाटी हाती लागली आणि तिन्हीसांजेचा तो तुपाचा वास आठवला. तळपायाला तूप लावून वाटीने घासायची पद्धत विसरायला नको म्हणून लिहून ठेवतेय, तुम्हीही आपापली लिहा.

एका तळपायाला अर्धा चमचा साजूक तूप पुरतं. जास्त झालं की वाटी नुसती घसरते, घासली जात नाही. टाचेपासून सुरू करून मधला खोलगट भाग, मग चवड्यावर गोल गोल, शेवटी बोटांच्या बुंध्याशी. जोर नको, वाटीचं वजन पुरेसं असतं. एका पायाला पाच-सात मिनिटं. खाली जुना पंचा घ्याच, काळपट तुपाचे डाग चादरीवरून निघत नाहीत. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग कोमट पाण्याने धुवा. तसंच उठलं तर फरशीवर पाय सटकतो.

निवांत_सातारा: काळं आलं म्हणजे अंगातली उष्णता निघाली असं घरोघर सांगतात. तो रंग धातूचा आहे. कासं म्हणजे साधारण 78 टक्के तांबं, बाकी कथील. तुपातल्या आम्लांची तांब्याशी क्रिया होते. खवट तुपात आम्लं जास्त, म्हणून त्याने लवकर काळं होतं. आराम मात्र खरा, तो चोळण्याचा.

कसारा_लोकल: उभ्याने घाईत लिहितोय. नवी वाटी घेताना कासं की पितळ, कसं ओळखायचं?

माजघर: बोटांच्या टोकांवर अधांतरी धरून टिचकी मारा. काशाचा नाद लांबत जातो, पितळेचा लवकर विरतो. पडलं तर कासं तडकतं, पितळेला पोचा येतो. पोचे आलेली वाटी कासं म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

सिस्टरताई: मधुमेह असेल तर आधी तळपायाला बधिरपणा आहे का ते पाहा. बधिर पायाला चटका कळत नाही, ओरखडा कळत नाही आणि जखम चिघळते. गरम पाण्यात पाय सोडणाऱ्यांनीही पाणी दुसऱ्या कुणाला तरी हाताने बघायला सांगा, 38-40 अंशांच्या वर नको. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. काळजी वाटते म्हणून सांगतेय.

माजघर: बरं झालं सांगितलंत ताई, घरी सासूबाईंना शुगर आहे.

फाईलवाला: पायांचं झालं, डोक्याचं काय? टेबल सोडण्याआधी दहा मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा. "रिपोर्ट" असं मोघम लिहिलं तर तो रात्रभर डोक्यात घोळतो. "पान 4 वरचा तक्ता मार्चच्या आकड्यांशी जुळवणे, अडलं तर अकाउंट्सला फोन" असं लिहा. अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निकने 1927 मध्येच मांडलं होतं. पुढची पायरी ठरली की मन ते धरून बसत नाही. कागद ऑफिसातच ठेवायचा, घरी आणायचा नाही.

हिंजवडी_फेज2: आणि ज्यांचं टेबल घरातच आहे त्यांनी? नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की न्यूयॉर्कचा सकाळी 11 चा कॉल इथे रात्री साडेआठऐवजी साडेनऊला येतो.

फाईलवाला: जेवण कॉलच्या आधी उरका. कॉल संपला की लॅपटॉप बंद करून बॅगेत, चार्जरसकट. झाकण नुसतं मिटलं तर पाणी प्यायला उठलेला माणूस पुन्हा उघडतो. ट्यूबलाइट घालवून पिवळा दिवा लावा, कपडे बदला, गच्चीत वीस मिनिटं शतपावली. कानात काही नको.

कसारा_लोकल: आणि सातचा चहा सोडा मंडळी. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे बारा वाजता अर्धा कप अंगात जागाच.

सिस्टरताई: अगदी. कपभर कोमट दुधात जायफळ चालेल, पण सहाणेवर दोन-तीन वळसेच. चमचा-चमचा पूड घातली तर तोंड कोरडं पडतं, धडधड होते, भ्रमही होतो.

माजघर: जायफळ पाण्यात उगाळायचं की दुधात? कुकर झाला, गॅस बंद करून आले.

सिस्टरताई: दुधाच्या थेंबात. सहाण आधी धुऊन घ्या, चंदनाची असेल तर वास उतरतो.

कसारा_लोकल: वाटी पितांबरीने घासली तर चालते का?

माजघर: चालते. लगेच पुसून कोरडी करा, ओली राहिली की डाग धरते. आणि पायाची वाटी पायालाच, जेवणात नको.